दप्तरातलं खुरपं

तपासणीचं कारण एक मोबाइल होता. कुणीतरी वर्गात चोरून व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं की दर सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांची दप्तरं तपासायची. मुलांची दप्तरं आणि स्कूटीच्या डिक्क्या शिपायाने बघायच्या, मुलींची दप्तरं मी. शाळेत बाई शिक्षिका मी एकटीच. वसमतहून रोज बसने यायचे.

मुली रांगेत उभ्या राहायच्या आणि मी एकेक दप्तर टेबलावर रिकामं करायचे. कंगवे, चिंचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पॅड. ते वर आले की मुलगी मान खाली घालायची आणि मागच्या सगळ्या जणी पाठोपाठ गप्प व्हायच्या. मला लाज वाटायची, पण हात थांबायचे नाहीत.

तिसऱ्या सोमवारी अकरावीतली एक मुलगी दप्तर सोडेना. तांड्यावरची होती, वर्गात सहसा न बोलणारी. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती काकूजवळ राहायची. मी दप्तर ओढून घेतलं. तळाशी, वह्यांच्या खाली, फडक्यात बांधलेलं खुरपं निघालं. नुकतंच पाजवलेलं होतं. धार चकाकत होती.

"हे काय आहे?" मुख्याध्यापक धावत आले.

"हळदीत गवत काढाया लागतंय, सर. जाता जाता वावरात जाते मी."

"शाळेत हत्यार आणायचं? आईवडिलांना बोलाव." त्यांनी खुरपं ऑफिसच्या कपाटात टाकलं, कुलूप लावलं. मुलं हसली. दुपारपर्यंत गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत गेली होती.

शेवटच्या तासाआधी ती मुलगी माझ्याकडे आली.

"मॅडम, खुरपं द्या न. आजच्या दिवस."

"काहून? एक दिवस गवत नाही काढलं तर काय होतं?"

"गवताला न्हाई. वाटंत लागतंय."

मला कळलं. तरी मी न कळल्यासारखं केलं. सरांना कोण विचारणार, त्यांच्याशी कोण वाद घालणार, हे आधी मनात आलं. "उद्या बघू," म्हणाले. ती वर्गात परत गेली.

पाच वाजता मी थांब्यावर आले. ती तांड्याच्या वाटेला लागली होती. दोन्ही बाजूंना कमरेवर आलेली हळद. थांब्याजवळच्या कडुलिंबाखाली उभी असलेली एक मोटारसायकल सुरू झाली आणि हॉर्न न वाजवता, अगदी सावकाश, तिच्या मागे वळली. तेवढ्यात माझी बस आली. मी बसमध्ये चढले. हे मला लिहायलाच हवं, मी चढले. पुढचं वळण येईपर्यंत बसूनही राहिले. मग उठून घंटीची दोरी ओढली.

"मॅडम, इथं थांबा न्हाई," कंडक्टर म्हणाला.

"उतरू द्या."

पळत मागे आले. मुलगी हळदीत आत शिरून उभी होती, दप्तर छातीशी धरून. बांधावर मोटारसायकल बंद करून तो बसला होता. शाळेच्या कार्यक्रमांत पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी एकाचा भाऊ. घाबरला नाही. उलट मला बघून हसला.

"मॅडम, बस हुकली व्हय? सोडू का वसमतला?"

मी नको म्हणाले.

"आज दप्तरं लई बारकाईनं तपासली म्हणं तुमी. बराबर केलं. पोरींपाशी असली वस्तू बरी न्हाई."

ती आज रिकाम्या हाताने आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि तिला रिकाम्या हाताने मीच पाठवलं होतं.

मी मुलीचा हात धरला. तांड्यापर्यंत आम्ही चालत गेलो. तो मागे येत नव्हता, नुसता बसून बघत होता. वाटेत तिने एवढंच सांगितलं, "दिवाळीपासून असंच चालू हाय. खुरपं दावलं की लांब ऱ्हायचा."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "लेखी देता? त्यात मुलीचं नाव येईल. तुमचंही. विचार करा."

मी लिहून दिलं. त्यांनी कागद घेतला, पोच दिली नाही. कपाटाची किल्लीही हरवली म्हणाले. मुलगी त्या दिवशी आली नाही, पुढेही नाही. काकूने तिला आईबापांकडे उसाच्या फडावर धाडलं होतं. काकूच्या फोनवरून तिच्याशी एकदा बोलणं झालं.

"परत ये. मी सोडायला येत जाईन," मी म्हणाले.

"हितं बरं हाय, मॅडम. समदे जवळ असत्यात," ती म्हणाली. अभ्यासाचं तिने काही विचारलं नाही.

त्या तांड्यावरून आता नववीत दोन मुली येतात. मी पाचची बस सोडते, त्यांना पोहोचवून साडेसहाच्या बसने जाते. तो अजून लिंबाखाली असतो. मला नमस्कार करतो, आणि त्या दोघींकडे बघत राहतो.