आतल्या खोलीत आई आहे

"मग मी कुठे झोपले होते, तेवढं तरी सांग," वैजयंती म्हणाली. "या खोलीत की त्या? पांघरूण कुठलं घेतलं होतं मी?"

"आई, हळू बोल. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. माझं डोकं दुखत होतं म्हणे. गोळी घेऊन पडले होते. मला आज कळतंय."

निशांत सोफ्याच्या हातावर बसून मोबाईल उलटसुलट करत होता. दिनानाथ जेवणाच्या टेबलाशी पेपर उघडून बसला होता, पण पान काही उलटत नव्हतं.

"एवढं आकाश कोसळल्यासारखं काय करतेस?" तो पेपरामागून म्हणाला. "तू घरात नव्हतीस, त्या पोरीला वाटलं आहेस. बिघडलं काय त्यात?"

"वाटलं नाही, अहो. तिला सांगितलं. यानं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सांगितलं, आई आत झोपलीय, जोरात बोलू नकोस."

गेल्या आठवड्यातला तो दिवस वैजयंतीनं करंजाड्याला काढला होता. नणंदेच्या, उज्वलाच्या घरी मुलीचा साखरपुडा होता. सकाळी दिनानाथबरोबर गेली ती रात्री जेवूनच परतली. घरी तेव्हा निशांतचं फोटोंचं शूट झालं हे तिला माहीत होतं. निशांत म्हणाला होता, नुसते दागिने होते, कुणी मुलगी नव्हती.

आणि आज दुपारी सोनमचा फोन आला. बोनकोड्याची सोनम. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आवाज नेहमी थोडा पळता.

"काकू, डोकं थांबलं का तुमचं?"

"कसलं डोकं गं?"

"त्या दिवशी नाही का, तुम्ही आत झोपलेलात." मग ती जरा अडखळली. मामाच्या मुलाच्या मोबाईलवर तिचे फोटो आले होते. पाठमोरे, खोल गळ्याच्या ब्लाउजमधले, पदर बाजूला केलेले. घरात भांडण पेटलं होतं. "मी सांगितलंय सगळ्यांना, काकू घरातच होत्या. आई संध्याकाळी येणारे तुमच्याकडे विचारायला. मी खरंच बोललेय ना, काकू?"

वैजयंतीनं "बघते मी" म्हणून फोन ठेवला होता.

*

लग्न होऊन ती नेरूळच्या या घरात आली तेव्हा समोरच्या रस्त्याला दिवे नव्हते. दिनानाथनं तुर्भ्याच्या एका कंपनीच्या ऑफिसात जन्म काढला आणि निवृत्त झाला. तिनं घर केलं, एवढंच ती स्वतःबद्दल सांगत असे. निशांतनं नोकरी सोडून कॅमेरा घेतला तेव्हा घरात फक्त तीच त्याच्या बाजूनं बोलली होती.

तो सुरुवातीला गावांतल्या हळदींचे फोटो काढायचा. सारसोळे, बोनकोडे, आसपासची सगळी. मग साड्यांची, ब्लाउजांची, खोट्या दागिन्यांची दुकानं त्याला विचारू लागली. त्यांना माल अंगावर घातलेला हवा असे आणि अंग मात्र ओळखीच्या घरातल्यासारखं. तयार मॉडेल बोलवायची तर ती नेरूळच्या हॉलमध्ये चादरीपुढे उभी कशाला राहील? तेव्हा निशांत हळदीतच मुली हेरायला लागला. कॅमेरा वळला की ओठांवर जीभ फिरवणाऱ्या मुली तो सोडून द्यायचा. हातात ताट घेऊन निघालेली, कुणाला तरी हाक मारणारी, कॅमेऱ्याचं भानच नसलेली अशी मुलगी त्याला हवी असे.

हेरणं सोपं होतं, विचारणं कठीण. पहिल्याच मुलीला त्यानं मांडवात विचारलं आणि तिच्या भावानं त्याची कॉलर धरली. तेव्हापासून विचारायला वैजयंती जाऊ लागली. ती मुलीच्या घरी जायची, चहा घ्यायची आणि सरळ सांगायची. कपडे कुठले, शूट कुठे, घरात कोण असेल. शेवटचं वाक्य ठरलेलं असे: मी समोर असते.

आणि ती असायचीच. ब्लाउज ढगळ झाला तर पाठीमागे कपड्यांचे चिमटे लावायची, उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभी राहायची. मुली विचारायच्या, "काकू, हातांचं काय करू?" ती म्हणायची, "काही करू नकोस. बेल वाजलीय, तू दार उघडायला निघालीस, तेवढंच कर." आणि मुलगी तशी निघाली की निशांत फोटो काढायचा. त्याच्या मेसेजात शेवटी लिहिलेलं असायचं, शूट घरीच, आई असते. आयांना बाकीचं वाचायची गरज पडत नसे.

सोनमला निशांतनं बोनकोड्याच्या एका हळदीत पाहिलं. वैजयंती तिच्या घरी गेली तेव्हा काशी, सोनमची आई, ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. तिचा सुक्या मासळीचा धंदा. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात काही थांबवला नाही.

"उघडंवाघडं काय करायचं नाय माज्या पोरीला."

"नाही हो, ताई. साड्या, दागिने. मी समोर बसलेली असते."

"तुमी सोता बसाल?"

"स्वतः."

"मंग न्या. तुमच्या तोंडाकरं बगून पोरीला धारतंय, त्या कॅमेऱ्याकरं बगून नाय," काशी म्हणाली आणि आत वळून चहा टाकायला सांगितलं.

*

"काय काय झालं ते नीट सांग," वैजयंतीनं आता निशांतला विचारलं.

निशांतनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. ब्लाउजवाला व्यापारी अचानक स्वतः आला. माल त्याच दिवशी हवा म्हणाला. पिशवीत निघाले ते खोल पाठीचे ब्लाउज. पदर मध्ये येतो, काढा म्हणाला.

"मग सोनम काय म्हणाली?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"दाराकडे बघितलं तिनं. आतल्या. मग काढला पदर."

ते बंद दार वैजयंतीला दिसलं, आणि त्याच्याकडे बघणारी ती पोर.

"आणि फोटो बाहेर कसे गेले?"

"त्या व्यापाऱ्यानं काढले मधे मधे, मोबाईलवर, आणि पुढे पाठवले. मी म्हटलं त्याला, मोबाईल नको."

"किती वेळा म्हटलंस?"

"एकदा."

दिनानाथनं पेपर खाली ठेवला. "हे बघ, झालं ते झालं. पोरीला कुणी हात लावला नाही. संध्याकाळी ती बाई येईल, तिला एक वाक्य सांगायचं, मी आत होते. विषय संपला."

"आई, तिच्याच भल्याचं आहे," निशांत म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. "तू नव्हतीस म्हणालीस तर सोनम खोटी पडते. घरात तिचं बघताहेत. दोन पुरुषांसोबत एकटी होती, असं होईल गावात. तू फक्त हो म्हण. तिला वाचवायचं असेल तर हो म्हण."

हे मात्र वैजयंतीला लागलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी उभी राहून तिनं ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. होते की, आतच पडले होते. सोपं होतं. काशी विश्वास ठेवेल, गावातली तोंडं बंद होतील. मग काशी विचारेल, तुमी घरात होता तर मंग असं कसं? आणि वैजयंतीला म्हणावं लागेल, त्यात वावगं काय, ताई, हल्ली चालतं. म्हणजे झालं ते बरोबर झालं. त्या माणसाच्या मोबाईलमधलं सगळं तिथंच राहणार, कारण काकूंच्या देखत काढलेलं. आणि सोनम जन्मभर समजणार की काकू भिंतीपलीकडे होत्या आणि उठून आल्या नाहीत.

ती बाहेर आली. "त्याला फोन लाव. फोटो पुसायला सांग, जिथे पाठवले तिथूनही काढायला सांग."

"आत्ता?"

"माझ्यासमोर."

निशांत हलला नाही. "आई, तो दुखावला तर सगळा सीझन जाईल. शनिवारचं काम त्याचंच आहे."

"शनिवारचं कुठलं काम?"

निशांतनं बापाकडे पाहिलं. बापानं पेपर पुन्हा उचलला.

"त्याला पुढचा लॉट करायचाय," निशांत म्हणाला. "सोनमच हवी म्हणतो."

"सोनमला विचारलंस?"

"मेसेज केलाय. नेहमीचाच."

नेहमीचा म्हणजे काय, ते वैजयंतीला सांगावं लागलं नाही. तिला आज सकाळचा चहा आठवला. दिनानाथ आपणहून कधी कुठे सोडतो म्हणत नाही. आज म्हणाला होता, शनिवारी उज्वलाकडे जाऊन ये, रुखवताचं तिला काही जमत नाही, मी सोडतो गाडीनं.

"अहो," ती म्हणाली, "शनिवारी मला करंजाड्याला उज्वलानं बोलावलंय की तुम्ही पाठवताय?"

"तिनं... ती म्हणत होती तसं."

"फोन करून विचारू तिला?"

दिनानाथनं चष्मा काढून पुसला. "पोराचा धंदा आहे, वैजयंती. तू प्रत्येक वेळी मधे बसलीस तर गिऱ्हाईकं बिचकतात. तो व्यापारी म्हणाला, घरात म्हातारी बसलेली असते, मोकळं काम होत नाही. मी म्हटलं एक दिवस तू तिकडे गेलीस तर काय फरक पडतो."

"म्हणजे मी घरात असायला नको. पण आहे असं सांगायला पाहिजे."

तिला वाटलं होतं तेवढा राग तिला आला नाही. आपलं सामान दुसरंच कुणी वापरत होतं, आणि ते वापरणारे घरातलेच निघाले, असं काहीसं झालं तिला.

इंटरकॉम वाजला. तिनंच उचलला. खालून वॉचमन म्हणाला, "बोनकोड्याच्या बाई आल्यात, सोबत मुलगी हाय."

"पाठवा वर," ती म्हणाली.

निशांत उठून उभा राहिला. "आई, प्लीज. निदान आजच्या दिवस. आपण नंतर बघू काय करायचं."

"लिफ्ट बंद आहे म्हण, उद्या या म्हण," दिनानाथ पुटपुटला.

वैजयंतीनं आतल्या खोलीचं दार ओढून सताड उघडं ठेवलं, दिवा लावला आणि सोफ्यावरचा थर्माकोल उचलून भिंतीला टेकवला, बसायला जागा व्हावी म्हणून. मग ती दोघांकडे वळली.

"काशीताईंना मी सांगणार आहे की मी घरी नव्हते, करंजाड्याला होते. मी आत आहे असं निशांतनं सोनमला सांगितलं, तिनं ते खरं मानलं, हेही मीच सांगणार आहे. फोटो पुसून घ्यायला उद्या त्या माणसाकडे मी जाणार, निशांत मला नेईल. आणि शनिवारचं शूट होणार नाही. यापुढे या घरात कुठल्याच मुलीचं होणार नाही."