लिअँडरमामा आणि एकशे एक्क्याऐंशी हिवाळे

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मामाचं घर जळालं. मामा तेव्हा बसवर होता. लिअँडर स्टँडिंग क्रेन, माझ्या आईचा धाकटा भाऊ, मिसूरी नदीच्या पश्चिमेला आमच्या वस्तीत चौतीस वर्षं शाळेची बस चालवत होता. पोरांना सोडून परत आला, तर ट्रेलरघराच्या जागी काळा सांगाडा आणि बर्फात फावडं धरून उभे असलेले माझे बाबा. शेगडीच्या धुराड्यातून ठिणगी उडाली होती.

"कुणाला लागलं?" मामानं विचारलं.

"आत कुणी नव्हतंच." बाबांनी फावडं बर्फात रोवलं. "लिअँडर, पेटी नाही रे काढता आली."

पेटीत कापड होतं.

आम्ही लाकोटा, अमेरिकेतले मूळचे लोक, वर्षाला हिवाळा म्हणतो. हिवाळ्याला आकडा नसतो, नाव असतं. बर्फ वितळायला लागला की जाणती माणसं बसतात, सरल्या हिवाळ्यातली एक गोष्ट ठरवतात, आणि कापड सांभाळणारा तिचं एक चित्र काढतो. पहिलं मधोमध, मग गोल गोल बाहेर. तारे पडले तो हिवाळा. डांग्या खोकल्याचा हिवाळा. धरण झालं, नदी उभी राहिली आणि काठची जंगलं पाण्यात गेली तो हिवाळा. मामाच्या खापरपणजोबांनी हे रानगव्याच्या कातड्यावर सुरू केलं होतं. कातडं विरल्यावर आजोबांनी मांजरपाटावर उतरवून घेतलं. एकशे एक्क्याऐंशी चित्रं झाली होती. फोटो काढू का म्हणून लांबून आलेल्या पाहुण्यांना मामा कॉफी पाजायचा आणि वाटेला लावायचा.

मामा रडला नाही. आमच्याकडे राहायला आला, दुसऱ्या आठवड्यात नवं कापड ताणलं आणि बसला काढायला. "कापड जळलं. हिवाळे थोडेच जळतात?" एवढंच म्हणाला. अकरा चित्रं झाली. बारावं काढायच्या आधी त्याला झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली.

मी दवाखान्यात मदतनीस आहे. अशी माणसं मी रोज पाहते. पण मामाच्या डोळ्यांकडे मला बघवेना. आत सगळं शाबूत होतं आणि दार बाहेरून लावलेलं.

बाबा मात्र रोज त्याच्या खोलीशी यायचे. आमच्यात मेव्हण्यानं मेव्हण्याची थट्टा करायचीच असते. केली नाही तर माणूस रुसतो. बाबा दारातूनच ओरडायचे, "काय रे आळशा! बसच्या खुर्चीतून उठलास तो थेट चाकाच्या खुर्चीत? दोन पावलं चालायचं म्हणून नाही!" मामा अर्ध्या तोंडानं हसायचा.

एप्रिलमध्ये व्हर्ना घरी भेटायला आली. शाळेच्या स्वयंपाकघरात असते ती, चाळिशीला टेकलेली. भिंतीवरचं अर्धवट कापड बघत उभी राहिली आणि सहज म्हणाली, "पुढचं लंगड्या अस्वलाचं ना? छावणीत आलं नि कुणाला न दुखवता निघून गेलं ते?"

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. "तुला कसं ठाऊक?"

"कसं म्हणजे? बसमध्ये! शेवटच्या थांब्यापासून शाळेपर्यंत रोज एक हिवाळा. पहिल्या दिवशी पहिला, मे महिन्यात आजचा. ताप आला की आमचा एक हिवाळा बुडायचा, मग दुसऱ्या पोरांच्या पाठी लागायचं. तुला नाही सांगितलं कधी?"

आमचं घर शाळेला लागून. मी त्या बसमध्ये एक दिवसही बसले नव्हते. मी मामाकडे वळले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

व्हर्नानं कुणाकुणाला फोन केले देव जाणे. पुढच्या शनिवारी शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. त्यानंतरच्या शनिवारी दोनशे. रॅपिड सिटीहून आली, डेन्व्हरहून रात्रभर गाडी हाकत आली. ट्रकवाले, नर्सा, फौजेतून परतलेला एकजण, पोटुशी बाई. सगळी कधी ना कधी मामाच्या बसमध्ये बसलेली. बायकांनी मांसाचा रस्सा आणि तळलेल्या रोट्या केल्या. जमिनीवर कापड पसरलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा मर्ल कुंचला घेऊन गुडघ्यांवर बसला. मामाची खुर्ची कापडाच्या कडेला.

एकेक जण उठायचा आणि आपल्याला आठवतो तो हिवाळा सांगायचा. थोराड पुरुष, पण सांगताना आवाज दुसरीतल्या पोराचा व्हायचा आणि शब्द थेट मामाचे. तीच थांबायची जागा, तोच खोकला! चुकलं की मामा डाव्या हातानं खुर्चीवर टकटक करायचा.

"पांढऱ्या पायांचा घोडा होता," एकजण म्हणाला.

"घोडा कसला, खेचर!" दुसरा.

टकटक. खेचरच होतं.

"बघा!" बाबा म्हणाले. "माझा मेव्हणा जन्मात पहिल्यांदा गप्प बसलाय, तरी सगळ्यांच्या चुका काढतोय!" हॉलभर हसू फुटलं.

पाच शनिवार असं चाललं. मी रस्सा वाढता वाढता मधेच उभी राहायची. जे एका पेटीत होतं म्हणून आम्ही हळहळलो, ते दोनशे माणसांच्या पोटात होतं, आणि त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता.

एकशे चोविसावा हिवाळा आला. कुणीच उठेना.

मर्ल वाट बघत राहिला. शेवटी व्हर्ना म्हणाली, "मार्चमध्ये एक दिवस तो काही सांगायचाच नाही. आम्हाला वाटायचं, बरं नसेल."

"आमच्याही वेळी," मागून कुणी म्हणालं. "आमच्याही," आणखी एकजण. वीस-वीस वर्षांच्या अंतरानं शाळेत गेलेली माणसं, आणि सगळ्यांना ती एक मुकी सकाळ आठवत होती.

सगळे मामाकडे बघू लागले. मामानं मान खाली घातली.

तेव्हा माझी आई उठली. सत्तर वर्षांची, चारचौघांत कधी न बोलणारी. "तो आमच्या विल्बर्टचा हिवाळा," ती म्हणाली. "आम्हा तिघांना जबरदस्तीनं लांबच्या सरकारी निवासी शाळेत नेऊन ठेवलं होतं. मी अकरा वर्षांची, विल्बर्ट नऊ, लिअँडर सहा. लिअँडर आपल्या भाषेत बोलला की त्याला मारायचे. विल्बर्ट त्याला घेऊन घरी निघाला, चालत. बर्फ सुरू झाला. गवताच्या गंजीत लिअँडर जिवंत सापडला. अंगावर दोन कोट होते. एक त्याचा, एक विल्बर्टचा."

मर्लनं कुंचला खाली ठेवला.

"कापडावर नुसती पावलं होती," आई म्हणाली. "मी एकदा विचारलं होतं, पोरांना हा का नाही सांगत? तर म्हणाला, शाळेला निघालेल्या पोरांना हे काय सांगू, ताई?"

मामानं डावा हात पुढे केला. मर्लनं आधी खुर्ची, मग कापडाची कड जवळ ओढली आणि कुंचला त्याच्या बोटांत दिला. मामानं लहान पावलांच्या दोन ओळी काढल्या. थोडं पुढे जाऊन एक ओळ थांबली. दुसरी त्यानं पुढच्या हिवाळ्याच्या जागेपर्यंत नेली. बराच वेळ लागला. कुणी हललं नाही, पोटुशी बाईसुद्धा उभीच होती.

जूनमध्ये जुनी एकशे एक्क्याऐंशी चित्रं पुरी झाली. राहिलं त्या वर्षाचं नाव. जाणती माणसं बसली. कुणी म्हणालं, घर जळालं तो हिवाळा. मामाची टकटक. लिअँडर आजारी पडला तो हिवाळा. पुन्हा टकटक, जोरात. व्हर्ना म्हणाली, "लोक बोलले तो हिवाळा." मामाचा हात मांडीवर शांत राहिला. मर्लनं गोल बसलेली माणसं काढली, प्रत्येकाच्या तोंडातून निघणारी एक रेघ.

"माझं तोंड जरा मोठं काढ," बाबा म्हणाले.

मामा त्यानंतर सहा हिवाळे जगला. वाचा अर्धीमुर्धी परत आली. बसवर मात्र पुन्हा बसला नाही. कापड आता व्हर्नाकडे असतं. मी तिला म्हटलं, सगळं एका वहीत लिहून ठेवू का? ती म्हणाली, "खुशाल लिही. पण आधी पाठ कर."

माझे अजून सदतीस राहिलेत.