वरकुट्यातली थाई पंगत

आमच्या वरकुट्याच्या विहारातली बुद्धमूर्ती थायलंडच्या उपासकांनी दान दिलेली आहे. ती बसवायला तिकडून तीन भंते आले आणि त्यांच्यासोबत एक बाई. भंते विहारात राहिले. बाईंची सोय आमच्या घरी झाली. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते. इंग्रजी बोलायला घरात दुसरं कोणी नाही म्हणून आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला बोलावून घेतलं. बाईंचं इंग्रजी माझ्याहून तोडकं निघालं आणि माझी भीती गेली.

बाई आईच्याच वयाच्या, ठेंगण्या, सतत हसऱ्या. त्यांच्या गावी त्यांची छोटी खानावळ होती. पहिल्या संध्याकाळी आईनं ताट भरून वाढलं: ज्वारीची भाकरी, भरली वांगी, आमटी, ठेचा, भात, शेवयांची खीर. बाई ताटाकडे बघत बसल्या. हात काही पुढे जाईना. आईचा चेहरा उतरला. मग बाईंनी खाणाखुणा करत मला सांगितलं, की त्यांच्याकडे प्रत्येकाच्या ताटात फक्त भात असतो. बाकी सगळं मधे ठेवायचं, सगळ्यांनी त्यातलंच घ्यायचं, आणि तेही एका वेळी एकाच पदार्थाचं, चमचाभर. सगळं एकदम ताटात घेतलं तर माणूस हावरट दिसतो.

मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "आन आपल्यात ताट भरून वाढलं न्हाय, तर पावणा उपाशी उठला म्हणत्यात."

बाई उजव्या हातात चमचा धरून जेवायच्या. डाव्या हातातल्या काट्यानं घास फक्त चमच्यात ढकलायचा, काटा तोंडात घालायचा नाही, अशी त्यांची रीत. आमच्याकडे काटा नव्हता, म्हणून त्यांनी दोन चमच्यांवर निभावलं. भाकरी मात्र त्यांनी झटकन हातानं मोडली. त्यांच्या माहेरच्या भागात चिकट भात असतो, तो हातानंच गोळा करून कालवणात बुडवून खातात म्हणे.

दुसऱ्या दिवशी भंतेंना भोजनदान आमच्याकडून होतं. ते दुपारी बाराच्या आत जेवतात, नंतर काही खात नाहीत. म्हणून सकाळपासूनच चूल पेटली. बाईंना मासे हवे होते. भंतेंना मासे चालतात हे ऐकून आबा जरा थबकले, पण भिक्षापात्रात पडेल ते खावं हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ते मोटारसायकलवर भिगवणला गेले आणि चिलापी घेऊन आले. पिशवीत डोकावून बाई टाळ्या वाजवायला लागल्या. हाच मासा त्यांच्याकडेही रोजच्या जेवणात असतो.

त्यांनी परसातला गवती चहा मुळासकट उपटला, ठेचला आणि माशाच्या पोटात कोंबला. वरून मिठाचा जाड लेप दिला आणि मासा निखाऱ्यावर ठेवला. आई माझ्या कानाशी म्हणाली, "चहात घालायचं माशात घातलं बाईनं." मग कच्च्या पपईचा कीस, मिरची, लसूण, शेंगदाणे, गूळ आणि लिंबू असं सगळं उखळात हलकं कुटून त्यांनी एक खमंग प्रकार केला. आईनं चव घेतली आणि निवाडा दिला: कोशिंबीरच, पण तापट.

गोडाला त्यांनी अर्धवट पिकलेली केळी नारळाच्या दुधात शिजवली. थोडी साखर, वर चिमूटभर मीठ. या पदार्थाच्या नावाचा अर्थ होता संन्यास घेतलेली केळी, कारण तिकडच्या साधिका पांढरी वस्त्रं नेसतात. हे ऐकून आई पातेल्यावर वाकली. "आपल्यागत पांढरं लुगडं नेसून बसल्यात की," म्हणाली आणि हसत सुटली. त्या दिवशी विहारात जायचं म्हणून ती स्वतःही पांढऱ्या साडीत होती.

विहारात आई माशाची थाळी घेऊन भंतेंपुढे गेली. भंतेंनी हात पुढे केला नाही. त्यांनी समोर एक कापड पसरलं आणि त्यावर ठेवायची खूण केली. आई जागच्या जागी थांबली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. तिनं थाळी ठेवली, पण मागे येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मी बाईंना विचारलं. भंते बाईमाणसाच्या हातून थेट काही घेत नाहीत, असं त्या म्हणाल्या. त्यांचा थोरला मुलगा काही काळ भंते होता, तेव्हा त्यांनीही स्वतःच्या लेकापुढे असंच कापडावर ठेवलं होतं. मी ते आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

भंते उठल्यावर आम्ही बायका जेवायला बसलो. या वेळी बाईंच्या पद्धतीनं, भात ज्याच्या त्याच्या ताटात आणि बाकी सगळं मधे. कोणी काही घ्यायच्या आत बाईंनी माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा काढला आणि आईच्या भातावर ठेवला. वडीलधाऱ्याला आधी वाढायचं असतं, म्हणाल्या. दोघींत थोरली कोण हे आम्ही वयं विचारून आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

आई तुकड्याकडे बघत राहिली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या आईच्या वंजळीत लांबनं पानी वतायचे. भांड्याला हात लावू देत न्हवते. सांग हिला."

ते इंग्रजीत कसं सांगावं मला सुचलं नाही. मी एवढंच म्हणाले, की आईला फार बरं वाटलंय. आईनं तो तुकडा खाल्ला, मग मधल्या भांड्यातून पपई घेऊन बाईंच्या ताटात वाढली. चमचाभर नाही, चांगली ओगराळंभर. बाईंनी हात जोडले आणि सगळी संपवली.

बाई गेल्यावर आमच्या घरी चिलापीच्या पोटात गवती चहा जायला लागला. शेजारणी आधी हसल्या, मग कृती विचारून गेल्या. पुढे हातात मोबाइल आले तसे आई आणि बाई एकमेकींना बघून बोलायला लागल्या. भाषा येत नव्हती तरी बोलत. थाई लोक भेटल्यावर 'किन खाव रू यांग', म्हणजे 'भात खाल्लास का' असं विचारतात. आईला तेवढं एक वाक्य पाठ झालं होतं. ती ते विचारायची आणि बाई मराठीत "जेवले, जेवले" म्हणायच्या.

आई गेल्याचं कळवायला मीच बाईंना फोन केला. त्या बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी मला तेच विचारलं. मी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी "नाही" म्हणाले. त्यांनी फोन तसाच चालू ठेवायला लावला, आणि मी ताट वाढून घेऊन पहिला घास घेईपर्यंत त्या माझ्याकडे बघत बसल्या.