मनमायाची पात

वर्ध्याच्या आमच्या भजनी मंडळाने पशुपतिनाथाची सहल काढली, तेव्हा माझ्या मोठ्या जावेचं, वत्सलाबाईंचं नाव मी त्यांना न विचारताच देऊन टाकलं. वडनेरचं शेत त्या एकट्या सांभाळतात. विचारलं असतं तर सतरा सबबी निघाल्या असत्या. पण मे महिना होता, शेत मोकळं होतं, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. ठेच्याची बरणी मांडीवर घेऊन त्या सेवाग्राम स्टेशनात गाडीत बसल्या आणि गोरखपूरपर्यंत बरणी काही त्यांनी खाली ठेवली नाही.

सुनौलीची सीमा ओलांडली आणि पुढे बस. तानसेन मागे पडलं आणि एका चढावर बसने जे अंग टाकलं ते टाकलंच. सुटा भाग खालून येईपर्यंत इथेच थांबायचं, असं ड्रायव्हरने सांगून टाकलं. सहलीची आखणी माझी, त्यामुळे निम्मी बोलणी मला बसली. रस्त्याकाठच्या गावात एका चहावालीने वर दोन खोल्या दिल्या, तेव्हा कुठे मंडळ शांत झालं.

सकाळी बाहेर आले तर समोर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. त्या चढावरून बायका डोको (पाठीवरची बांबूची टोपली) भरून शेणखत नेत होत्या. टोपलीचा पट्टा कपाळावर, मान खाली, पायांत साध्या चपला. रिकाम्या हातानेही तो चढ चढताना मला दोनदा टेकावं लागलं असतं. गावातले पुरुष बहुतेक आखातात कामाला, असं चहावाली म्हणाली. पाणी, गुरं, चूल, सगळं आवरून या बायका आल्या होत्या आणि खत टाकून झाल्यावर लगेच मक्याच्या निंदणाला बसल्या. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. फोटो काढत मी बांधावर उभी राहिले.

वत्सलाबाई मात्र पदर खोचून खाली उतरू लागल्या.

"बाई, कुठं निघाल्या?"

"बसून बसून पाय आखडले माये. त्या बाईची पात मांगं पडून राह्यली."

जिची पात, म्हणजे निंदायला धरलेली ओळ, मागे पडली होती ती बाई म्हणजे मनमाया. नवऱ्याबरोबर काही काळ दिल्लीला राहिलेली, म्हणून हिंदी बोलणारी. ती नको नको म्हणत असतानाच बाईंनी तिथला कुटो (आखूड दांड्याची कुदळ) उचलला आणि तिच्या शेजारची ओळ धरली. दुपार उलटेपर्यंत दोघींचे हात सारखे चालले. जेवायला ढिंडो (मक्याचं पीठ घोटून घट्ट शिजवलेला, आपल्या घाट्यासारखा) होता. बाईंनी बरणी उघडली. मनमायाने बोटभर ठेचा जिभेवर ठेवला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने पुन्हा बोट पुढे केलं.

हात धुताना तिने विचारलं, "दिदी, आपका काम कब लगता है?"

मग तिने समजावलं. तिथे पर्म असतो. एकीने दुसरीच्या शेतात एक दिवस राबायचं, दुसरीने तो दिवस तिच्या शेतात राबूनच फेडायचा. मला हसू आलं. "हमारा गाँव बहुत दूर है," मी म्हटलं, "छोड़ दो."

तिचा चेहरा उतरला. "छोड़ेगी कैसे? मैं किसी का दिन नहीं रखती."

"हासली काऊन?" बाई माझ्यावर डाफरल्या. "तिले लागलं ना." मग तिच्याकडे वळून त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "दिवाली के बाद आना. कपास चुनने को." मनमायाने गंभीरपणे मान हलवली.

पहाटे बस सुरू झाली. मनमाया चढावर होती, पाठीवर भरलेला डोको. कपाळावरच्या पट्ट्यामुळे तिला मान वर करता येईना, तिने नुसता हात केला. पशुपतिनाथ पाहिला, पोखऱ्याचा तलाव पाहिला, त्यांची वर्णनं मंडळातल्या इतरजणी करतीलच. माझं मन मात्र मागेच राहिलं होतं. तिला हातभार लावायला गेलो आणि जी कुणाचा दिवस ठेवत नाही तिच्यावर एक दिवस ठेवून आलो, याचं वाईट वाटत राहिलं.

दिवाळीनंतर सीतादहीला (पहिल्या वेचणीआधीची दहीभाताची पूजा) मी वडनेरला गेले. बायकांनी वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओट्या बांधल्या. बांधाकडेची ओळ रिकामी दिसली म्हणून मी तिकडे वळले.

"ते सोड," बाई म्हणाल्या. "ती मनमायाची पात हाय."

"अहो, ती कशी येणार?"

"ते तिचं ती पाहीन. म्या तिले दिवस देल्ला हाय."

एक बोंड राहिलं तरी वेचणाऱ्या बाईला मागे पाठवणाऱ्या वत्सलाबाई त्या ओळीपाशी आल्या की वळून जायच्या. पुढच्या वेचण्याही तशाच झाल्या. मी पौषात गेले तेव्हा शेत उलंगलं होतं, सगळा कापूस वेचून झाला होता, तेवढी एक ओळ सोडून. तिथला कापूस लोंबून लोंबून मातीत पडला होता.

"सगळं भुईला मिळालं, बाई."

"मिळू दे." त्या बांधावर बसल्या. "ती तिकडं जीव जाळत असन, का वडनेरले जाणं झालं नाई. तिले कोण सांगन, शोभे, का तिची पात म्या कोणाले देल्ली नाई?"

तिच्या गावाचं नावसुद्धा आम्ही कुणी विचारलं नव्हतं.