नझारनं फुली मारली नाही

नझार लुकिच आमच्या व्होल्गाकाठच्या गावात सरकारी धान्यकोठाराचा राखणदार होता. त्याआधी बावीस वर्षं गावच्याच पलटणीत बिगुलवाला. त्या पलटणीचे तेव्हाचे कर्नल म्हणजे आमचे गव्हर्नर, जनरल प्रिन्स तुर्गासोव.

प्रिन्ससाहेबांची कारकीर्द मला तोंडपाठ. मी त्यांच्या कचेरीत कारकून होतो ना. सोळाव्या वर्षी बादशाही गार्डमध्ये, चौतिसाव्या वर्षी कॉकेशसच्या डोंगरात कर्नल, मग गढी जिंकल्याबद्दल शौर्याचं पदक जॉर्ज क्रॉस, जनरलपद, शेवटी गव्हर्नरी. सेवेला पन्नास वर्षं झाली म्हणून गौरवग्रंथ निघणार होता. त्या लढाईतला नझार तेवढा हयात, म्हणून त्याची साक्ष हवी होती. त्याला लिहिता येत नव्हतं. मी मजकूर तयार करून नेला, त्यानं खाली फुली मारायची एवढंच.

तो काळा पाव नि खारवलेली काकडी खात होता. "वाच," म्हणाला.

"कर्नलसाहेबांच्या हुकुमावरून बिगुल वाजला आणि पलटण पूल ओलांडून गढीवर तुटून पडली."

"हुकूम कुणाचा म्हणालास?"

"कर्नलसाहेबांचा."

"त्यांचा हुकूम माघारीचा होता, बाबा. पुलापलीकडे आपली साठ जखमी माणसं पडलेली. कप्तान ग्रेब्नेव म्हणाला, 'नझार, यांना टाकून जायचं? वाजव, पुढे चला.' मी वाजवलं. कप्तान पुलावरच गेला. गढी पडली, क्रॉस साहेबांना. आणि कप्तान हुकमाआधीच पुढे धावला म्हणून हुकूम मोडणारा! देवळाच्या भिंतीवर सगळ्या मेलेल्यांची नावं आहेत, त्याचं तेवढं नाही."

"लुकिचकाका, तीस वर्षं झाली. फुली मारा नि मोकळे व्हा."

"मी कुठे अडकलोय? अडकलायस तू."

मी फुलीविनाच कागद घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यालाच बोलावून घेतलं. जुना लष्करी कोट घालून तो आला. साहेब खुर्चीतून उठले.

"नझार! अजून तसाच ताठ आहेस रे."

"गुडघे गेले, हुजूर. पाठ तेवढी शाबूत आहे."

"मग फुली का मारत नाहीस?"

"कप्तानाचं नाव भिंतीवर घाला. शंभर मारतो."

साहेबांच्या मानेपर्यंत लाली चढली. "मी माघार सांगितली होती, हे सिद्ध करशील?"

"नाही जमायचं. पण ते आपल्याला ठाऊक आहे नि मलाही. तिसरा पुलावर मेला."

"कोठाराची नोकरी माझ्या सहीनं आहे, विसरू नकोस."

"काढून घ्या, हुजूर. माझी फुली मिळायची नाही."

नोकरी गेलीच, वर उद्धटपणाबद्दल तीन दिवस कोठडी. सुटला तो थेट माझ्या दारात, बगलेत फळकूट घेऊन. "यावर कप्तानाचं नाव लिही. ठळक."

मी दार लावून घेतलं नि लिहिलं.

त्यानं ती पाटी देवळाच्या भिंतीवर ठोकली. पोलिसानं काढली. मी दुसरी लिहिली, त्यानं ठोकली. तीही गेली, मग तिसरीही. चौथ्या वेळी पोलीस शिडी घेऊन आला, तेव्हा पायरीवर पलटणीतल्या मेलेल्यांच्या विधवा बसल्या होत्या. एकही उठेना. "आमच्या अंगावरून चढ," म्हणाल्या. तो शिडी घेऊन परत गेला.

गौरवग्रंथात गढीची लढाई एका ओळीत उरकली. हुकूम कुणाचा, ते त्यात नाही. माझं अक्षर कचेरीत ओळखलं गेलं आणि मला आडगावच्या कचेरीत धाडलं. नझार पुढे सात वर्षं नदीच्या तरीवर नावेचा दोर ओढत होता. बाजारात कुणी त्या लढाईबद्दल विचारलं, तर हातातलं काम टाकून पहिल्यापासून सांगायचा, पोलीस शेजारी उभा असला तर जरा मोठ्यानं.