टेलरबाईंचं खोटं ‘हो’

तळमजल्यावरच्या टेलरबाईंना डॉक्टरांनी डोक्यात शॉक दिला आणि बाई आता शिलाई मशीनशी बोलतात, अशी बातमी आमच्या जिन्यानं वर चढली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना दोरीनं बांधलंही होतं. ती बातमी मी खाली उतरवतो, कारण त्या दिवशी गाडी माझी होती आणि तपासणीच्या खोलीत कोपऱ्यात बसलेला आगाऊ माणूसही मीच. शॉक वगैरे काही नव्हता. मुंगी चावेल एवढा करंट, तोही डोक्यात नाही, कानात.

टेलरबाई म्हणजे आमच्या गल्लीचं माप. कोण सुटलं, कोण वाळलं, आधी त्यांच्या टेपला कळायचं. मोठ्या तापानंतर त्यांचे कान हळूहळू गेले. पण ऐकू येत नाही हे कबूल करतील तर शपथ! समोरच्याचं तोंड हललं की मान डोलवायची, भुवई उडाली की हसायचं, आणि वर ‘हो हो’. माझ्या बायकोनं बाह्या कोपरापर्यंत सांगितल्या. ‘हो हो’ झालं आणि बाह्या मनगटाला टेकल्या. भांडायचं तरी कसं, बाई हो म्हणाल्या होत्या! मी मात्र खूष. माझ्या विनोदांना एवढं मनापासून हसणारं दुसरं कोणी गल्लीत नव्हतं.

शेवटी साधं श्रवणयंत्रही चालेना, तेव्हा लेकीनं हट्ट धरला, कॉक्लिअर इम्प्लांट करायचंच. डॉक्टर म्हणाले, “कानातला शंख बंद पडलाय. त्याचं काम यंत्र करेल. पण तिथून मेंदूकडे जाणारी नस जिवंत हवी. स्कॅनमध्ये ती दिसतेय. चालते का, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.”

लेकीनं एवढं सगळं आईसाठी पाटीवर एका ओळीत बसवलं : ‘दोरा ओवलेला आहे, टाका पडतो का ते बघायचंय.’

“हो हो,” टेलरबाई म्हणाल्या.

टाका पडला नाही, तर यंत्राचा उपयोग शून्य. मग जन्मभर मान डोलवणंच नशिबी.

तपासणीच्या दिवशी कानाचा पडदा बधिर करून डॉक्टरांनी केसासारखी सुई आत टेकवली. तपासणी करणारी मुलगी करंटच्या पेटीपाशी बसली. पाटीवर लिहिलं : ‘आवाज आला की बोट वर.’ मुलीनं बटण दाबलं, बोट वर. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. लेक फुलली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

मुलगी मात्र अवघडून म्हणाली, “ताई, या वेळी मी करंट सोडलाच नव्हता. नुसता बटणावर हात ठेवला.”

“आई!” लेक ओरडली. बहिऱ्या आईवर ओरडून काय उपयोग? मग खडू कचाकचा चालवला : ‘इथं कुणाचं मन राखू नकोस. खोटं हो म्हणालीस तर ऑपरेशन फुकट जाईल.’

बाईंनी वाचलं. मान डोलली नाही.

“पोरीचा हात हलला गं,” त्या म्हणाल्या, “वाटलं, वाजलं असेल. नाही म्हणायची भीती वाटते. एकदा नाही म्हटलं की संपलंच ना सगळं?” मग पिशवीतून अस्तराचा तुकडा काढून लेकीच्या हातात दिला. “डोळे बांध माझे. दिसलं की मी हो म्हणणारच.”

डोळे बांधले. करंट सुरू झाला. बोट मांडीवरच. मुलीनं थोडा वाढवला. तरी बोट तिथंच. लेकीनं माझं मनगट धरलं ते असं, की टेपनं माप घेतल्यासारखा वळ उठला. आणि माझं तोंड, जे झोपेतही बंद नसतं, ते बंद!

बोट थरथरलं. वर आलं.

करंट थांबला, बोट खाली. मुलीनं मुद्दाम रिकामं बटण दाबलं, बोट खालीच. पुन्हा करंट, पुन्हा बोट वर.

“बरोबर,” मुलगी म्हणाली. “परत बरोबर!”

“कुणीतरी मशीनवर बॉबिन भरतंय,” डोळे बांधलेल्या बाई म्हणाल्या. “लांब. भिंतीपलीकडे.”

लेक हसतही होती आणि नाकही ओढत होती. डॉक्टर म्हणाले, “नस चालतेय. यंत्र बसवू. शब्द कळायला मात्र सराव लागेल, किती कळतील ते आज सांगत नाही.” लेकीनं ते लिहून दाखवलं. आणि जन्मात पहिल्यांदा बाई म्हणाल्या, “नीट कळलं नाही. परत लिही.”

घरी आल्यावर त्या तडक मशीनपाशी गेल्या, बॉबिन लावली आणि मशीनच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “ऐकलं हं मी तुला.” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नेमक्या तेव्हाच खिडकीवरून गेल्या. बातमीचं पुढचं शिवणकाम त्यांचं.

मला मात्र एक शंका कुरतडत होती. मी पाटी मागून घेतली आणि लिहिलं : ‘म्हणजे वहिनी, एवढे दिवस माझ्या विनोदांना हसत होतात ते न ऐकताच?’

टेलरबाईंनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, ऐकू येत होतं तेव्हाही मी अशीच हसायचे.”