बुकित पंजांगची निवडणूक आणि माझी फुली

निवडणुकीचे किस्से म्हणजे खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे. एक ओढायला जावं तर शेजारचे दोन हातात येतात! सिंगापूरला, बुकित पंजांगमधल्या आमच्या ब्लॉकखाली व्हॉइड डेक आहे, म्हणजे बिनभिंतींचा मोकळा तळमजला. संध्याकाळी पोरं तिथे सायकली फिरवतात आणि आम्ही मराठी बायका दगडी टेबलाभोवती बसतो. कोणी नुसतं "इलेक्शन" म्हटलं की सगळ्या माझ्याकडे बघून हसायला लागतात.

हसू देत! २००६ च्या निवडणुकीत त्या टेबलावर मत फक्त मला होतं. इथल्या नागरिकत्वाचा लाल पासपोर्ट नुकताच हातात आला होता.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. नवरा इंजिनिअर, पण मी आयुष्यात कुठेच मत दिलेलं नव्हतं. माहेरच्या यादीत नाव यायच्या आधी लग्न झालं, सासरच्या यादीत चढायच्या आधी विमानात बसले. म्हणजे हे पहिलंच. ते बाद होऊ नये, एवढीच धाकधूक होती. पण ती एवढी होती की भाताला दोनदा मीठ पडत होतं.

*

आमच्यात वयानं मोठ्या म्हणजे देवकर काकू. राहायला सेरंगूनला, पण नातीला सांभाळायला रोज आमच्या ब्लॉकमध्ये येतात. सिंगापूरच्या नागरिक होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली, पण मत एकदाही दिलेलं नाही! कारण त्यांच्या भागात सरकारपक्षासमोर कोणी उभंच राहत नाही. अर्ज भरायची वेळ संपली की बिनविरोध, झालं! तरी दर निवडणुकीला काकू साडी इस्त्री करून ठेवतात.

त्या वर्षीही अर्जांच्या दिवशी दुपारी त्या आल्या आणि पिशवी टेबलावर आपटली.

"काय झालं काकू?"

"काय व्हायचंय? पुन्हा बिनविरोध! बाप्पा आणायच्या आधीच विसर्जन!"

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "मंगल, तुमच्याकडे दोघं उभे आहेत ना? मग तुझी तयारी आता माझ्याकडे."

पोटच्या मुलीचा बारावीचा अभ्यास घेतला नसेल, असा काकूंनी माझा घेतला!

*

एका सकाळी बेल वाजली. दारात एक उमेदवार, हसरा, सोबत चार-पाच कार्यकर्ते. हात पुढे करून म्हणाला, "गुड मॉर्निंग आंटी, एनी प्रॉब्लेम?"

प्रॉब्लेम कसला? दारात आलेला माणूस तोंडात काही न घालता जाणार, हाच प्रॉब्लेम! कढईत पोहे तयार होते. मी म्हटलं, "सिट." कार्यकर्ते घड्याळाकडे बघायला लागले, वरचे मजले राहिले होते. पण मी बश्या भरल्यासुद्धा. बिचारा बसला, खाल्लं, आणि शेंगदाणे वेचून वेचून खाल्ले.

संध्याकाळी दुसरा उमेदवार! तो दारातूनच निघायला लागला, तर माझा आयुष, पाच वर्षांचा, त्याचा हात धरून म्हणाला, "दॅट अदर अंकल ईट ऑलरेडी, यू ऑल्सो ईट ला!" तो एवढा हसला की बसलाच.

हे कामावरून आले तर कढई धुऊन पालथी घातलेली. म्हणाले, "उमेदवारानं मतदाराला जेवू घातल्याचं ऐकलंय. मतदारानं दोन्ही उमेदवारांना खाऊ घालून नवऱ्याला उपाशी ठेवलं, हे पहिल्यांदाच बघतोय!"

*

माझे सासरे भंडाऱ्याकडे गावी असतात. एके काळी ग्रामपंचायतीत होते, त्यामुळे निवडणूक म्हटली की त्यांचा फोन येणारच. हे आदल्या दिवशी एक प्रचारसभा बघून आले होते.

"सभा कशी झाली?" मामंजींनी विचारलं.

"मोठी झाली बाबा. मैदानात चिखल, तरी पाय ठेवायला जागा नव्हती."

"गाड्या कोणी पाठवल्या?"

"कोणीच नाही. लोक ऑफिसातून आपापले आले."

"अन् जेवणाचे पुडे?"

"नाही बाबा. उलट बसायला आणलेले पेपर लोकांनी घड्या घालून परत नेले."

मामंजी हळूच म्हणाले, "बेटा, नीट चौकशी कर. ती सभा नसन, शाळेची सहल असन!"

*

आता फुलीचं सांगते.

आमच्या शाळेत गुरुजी बरोबर उत्तराला टिक करायचे आणि चुकलेल्याला लाल फुली. सातवीपर्यंत माझ्या वहीत एवढ्या फुल्या पडल्या की फुली म्हणजे चूक हे माझ्या रक्तातच गेलेलं.

काकूंनी कागदावर दोन नावं लिहिली, संत्रं आणि केळं. पुढे एकेक चौकट. "तुला आवडतं त्याला मत दे."

मला संत्रं फार आवडतं. म्हणून मी केळ्यापुढे छान ठसठशीत फुली मारली!

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं, इथे फुली मारायची ती हव्या असलेल्याला! तू केळं निवडून आणलंस!"

मग काय, घरात फुल्याच फुल्या. सकाळी पोहे की उपमा, फुली मार. संध्याकाळी भेंडी की वांगं, फुली मार. चुकलं की काकू पुन्हा चौकटी काढून द्यायच्या. आयुष शेजारी बसून बघत असायचा.

आणि एक दिवस त्याच्या किंडरगार्टनमधून फोन! पडला का? ताप आला का? घरातल्या चपलांवरच धावत गेले. आयुष मजेत उभा होता. टीचरनं त्याचा कागद पुढे केला. उडणाऱ्या प्राण्यांपुढे टिक करायची होती. ह्यानं पोपटाला फुली, फुलपाखराला फुली, चिमणीला फुली.

"ही थिंक्स बर्ड कॅनॉट फ्लाय?" टीचरनं विचारलं.

आयुषच म्हणाला, "माय मम्मी से, क्रॉस इज द वन यू वॉन्ट!"

मी म्हटलं, "टीचर, आफ्टर पोलिंग डे, ही ओके."

*

फुली बसली तर दुसरी भीती उठली. टेबलावर कोणीतरी बोललं, "मतपत्रिकेवर नंबर असतो म्हणे! कोणी कोणाला मत दिलं ते कळत असेल का गं?"

झालं! आयुषच्या शाळेच्या ॲडमिशनचं काय? ह्यांच्या नोकरीचं काय? हे सांगून सांगून थकले, "मत गुप्तच असतं मंगल, मोजून झालं की सीलबंद करतात." पण माझं मन काही मानेना.

शेवटी लिफ्टमध्ये शेजारच्या लिम आंटी भेटल्या. वयस्कर, एकट्या राहतात, हातात भाजीची पिशवी. मी धीर करून विचारलं, "आंटी, आपलं मत कोणाला कळतं का?"

त्या खो खो हसल्या. "आयाऽ! माय हजबंड एव्हरी टाइम आस्क मी. अंटिल ही डाय, ही ऑल्सो डोन्ट नो!"

लिफ्टचं दार उघडलं आणि त्या भाजी घेऊन घरात गेल्या.

*

आणि मग मतदानाचा दिवस.

जवळच्याच एका शाळेत केंद्र होतं. हे आणि मी निघालो तर खाली देवकर काकू हजर! सेरंगूनहून आल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून.

"काकू, तुम्हाला मत कुठे आहे?"

"मत नसलं म्हणून काय झालं? साडीला तरी मतदानाला जाऊ दे!"

आयुषचा हात धरून त्या फाटकापाशी उभ्या राहिल्या.

आत एक पद्धत आहे, मतदाराचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचतात. माझ्या पुढच्यांची नावं पटापट झाली. माझी पाळी आली. टेबलामागच्या तरुण पोरानं कागद बघितला आणि श्वास घेतला.

"मंगाला... विस्वाम... कोब्रा..."

मला एकदम काय वाटलं कोण जाणे. इथे मी आयुषची मम्मी. दवाखान्यात मॅडम, बाजारात आंटी. माझं पूर्ण नाव चारचौघांत मोठ्यानं घेतलेलं शेवटचं ऐकलं ते सातवीच्या निकालाच्या दिवशी, तेही माहेरचं!

मी म्हटलं, "अगेन."

त्यानं पुन्हा वाचलं. पुन्हा कोब्रा.

"अगेन."

शेजारच्या रांगेतून हे डोळे वटारत होते. मी तिकडे बघितलंच नाही. एकेक शब्द तोडून सांगितला, "मंगल. विश्वंभर. खोब्रागडे." माझ्या मागचा चिनी म्हाताराही पुटपुटायला लागला. आणि तिसऱ्यांदा त्या पोरानं असं खणखणीत म्हटलं की फाटकापर्यंत ऐकू गेलं. बाहेरून आयुष ओरडला, "दॅट इज माय मम्मी!"

कागद हातात आला. आडोशाला गेले. दोन नावं, दोन चौकटी. पेन घट्ट धरलं. एक रेघ ओढली. थांबले. दुसरी ओढली. घडी केली, पेटीत टाकली, बाहेर आले.

काकू आयुषला ओढतच धावत आल्या. "जमलं का गं?"

"जमलं!"

"फुलीच मारलीस ना? टिक नाही?"

"फुलीच!"

"रेघ बाहेर नाही ना गेली?"

"नाही काकू. चौकटीत, अगदी मधोमध!"

काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात हेही आले. काकूंनी इकडेतिकडे बघितलं, जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला.

"पण मंगल, कोणाच्या चौकटीत?"

हे बघायला लागले. आयुष बघायला लागला. मी ओढणी सरळ केली.

"माझ्या!"